एस-लॉग३ फुटेज फिकं, भाजलेलं किंवा काळपट दिसतंय? व्हील्सना हात लावण्याआधी रूपांतरं मोजा

तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते. लट (LUT, रंग बदलणारा तयार तक्ता) लावली तरी फुटेज धुतल्यासारखं दिसतं. लट लावली की चेहरे भाजतात. एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर सगळं एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाइतकं) काळं. रिझॉल्व्हमध्ये छान, एक्स्पोर्ट केलं की पांढुरकं. कॅमेरा बहुतेक वेळा सोनीचा असतो, पिक्चर प्रोफाइल एस-लॉग३ (लॉग, म्हणजे मोठा उजेडाचा पल्ला दाबून साठवणारा फिका वक्र) आणि रंग जुळवण्याचं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. लॉगमधून रेक.७०९ मध्ये, म्हणजे टीव्ही आणि साध्या पडद्यांच्या ठरलेल्या रंगमानात, रूपांतर एकदाच व्हायला हवं होतं. ते झालंच नाही, दोनदा झालं, किंवा झालं एकदाच पण सॉफ्टवेअरला सुरुवातीचं ठिकाण चुकीचं सांगितलं गेलं. ही चूक व्हील्स (रिझॉल्व्हमधली रंग-उजेडाची चाकं) फिरवून झाकता येते, आणि म्हणूनच ती महाग पडते. एक शॉट तासभर खपून जमतो, तेच ग्रेड पुढच्या शॉटवर टाकलं की हळदीचा पिवळा केशरी होतो आणि शालूची जर पांढरी पडते. लग्नाच्या सहाशे क्लिप्स अशा एकेक करून सावरता येत नाहीत. म्हणून आधी निदान.

पाठ असावेत असे काही आकडे

एस-लॉग३ हे ठरलेलं गणित आहे. १० बिटमध्ये ० ते १०२३ अशा पायऱ्या असतात. एस-लॉग३मध्ये पूर्ण काळं ९५ वर बसतं, १८ टक्के राखाडी कार्ड ४२० वर आणि ९० टक्के पांढरं ५९८ वर. कॅमेऱ्याच्या झेब्रात (ठरलेल्या उजेडावर पट्टे दाखवणारी सूचना) किंवा मॉनिटरच्या आयआरई, म्हणजे टक्क्यांतल्या उजेडाच्या मोजणीत हेच अनुक्रमे साधारण ३.५, ४१ आणि ६१ टक्के होतं. लॉग फिकं दिसतं ते यामुळेच: पांढरा कागद ६१ वर ठेवून वरची सगळी जागा आभाळ, दिवे आणि चकाकी यांच्यासाठी राखलेली आहे. सोनीच्या बहुतेक अल्फा आणि एफएक्स कॅमेऱ्यांत एस-लॉग३ सुमारे ९४ टक्क्यांवर कापला जातो, म्हणजे राखाडीच्या वर जवळपास सहा स्टॉप.

राखाडीच्या वर एक स्टॉप म्हणजे साधारण ७९ पायऱ्या, आयआरईत ९ टक्के. (राखाडीच्या खाली हे अंतर हळूहळू आखडत जातं.) ८ बिट रेकॉर्डिंगमध्ये त्याच एका स्टॉपला फक्त २०च्या आसपास पायऱ्या मिळतात. हा आकडा पुढे परत लागणार आहे.

पाच मिनिटांची चाचणी

बिघडलेल्या प्रोजेक्टमध्ये शोधत बसू नका, नवीन रिकामं प्रोजेक्ट उघडा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कलर मॅनेजमेंट या पानावर कलर सायन्स 'दाविंची वायआरजीबी' ठेवा, मॅनेज्ड नको (त्यात प्रोजेक्ट स्वतःच रूपांतर करतं). त्याच पानावर खाली लटचे रकाने आहेत. इनपुट, आउटपुट, मॉनिटर सगळीकडे 'नो लट' आहे ना ते बघा. आता दोन क्लिप्स आणा: एक लेन्सला टोपी लावून बेस आयएसओवर (कॅमेऱ्याची मूळ, सर्वांत स्वच्छ संवेदनशीलता) पाच सेकंद घेतलेली, दुसरी नीट एक्स्पोजरच्या राखाडी कार्डाची. कार्ड नसेल तर टोपीची एकटी क्लिपही पुष्कळ सांगते. कलर पानावर एकही नोड (रंगाच्या दुरुस्तीची एक पायरी) न घालता वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उघडा आणि त्याची मोजपट्टी १० बिट करा.

टोपीची रेषा ९५च्या आसपास असेल तर फाईल जशी आहे तशी वाचली जातेय. ती ३६च्या आसपास बसली तर रिझॉल्व्ह या क्लिपला व्हिडिओ लेव्हल समजून ६४ ते ९४० हा पट्टा ताणून ० ते १०२३ करतोय. हिशोब सोपा आहे: ९५ मधून ६४ वजा, ८७६ ने भागा, १०२३ ने गुणा, उत्तर ३६. राखाडी कार्डावर मात्र हा फरक दिसणार नाही, कारण ४२० ताणल्यावरही ४१६ होतो. म्हणूनच लेव्हलची चूक कार्डावर सापडत नाही, फक्त सावल्या विनाकारण घट्ट वाटतात आणि माणूस कॉन्ट्रास्टशी झगडत राहतो. उपाय: मीडिया पूलमध्ये क्लिपवर उजवं क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, डेटा लेव्हल्स 'ऑटो'वरून 'फुल'. त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप्स एकत्र निवडून करा. एक्स्टर्नल रेकॉर्डरवर घेतलेलं फुटेज आणि कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं फुटेज यांची चाचणी वेगवेगळी करा, दोघांच्या लेव्हल्स सारख्या असतील असं गृहीत धरू नका.

टोपीची रेषा ९५च्या खूप वर, जाड आणि थरथरती असेल तर तो आयएसओचा नॉइज आहे. बेस आयएसओवर परत घ्या.

चाचणी बरोबर आली तर फाईल निर्दोष आहे, दोष प्रोजेक्टमध्ये आहे. आता मूळ प्रोजेक्टकडे वळा.

शिफ्ट + डी

मूळ प्रोजेक्टमध्ये बिघडलेल्या क्लिपवर जाऊन कलर पानावर शिफ्ट + डी दाबा. सगळे नोड्स तात्पुरते बंद होतात. आता चित्र फिकं, राखाडी, लॉगसारखं दिसत असेल तर रूपांतर नोड्समध्येच होतंय. नोड्स बंद असूनही चित्र भरलेलं, नेहमीसारखं दिसत असेल तर रूपांतर नोड्सच्या बाहेर कुठेतरी होतंय. नोडमध्ये लट असतानाही असं दिसलं तर दुखणं सापडलं: रूपांतर दोनदा होतंय.

दुहेरी रूपांतराची खूण ओळखायला शिका. केस आणि काळे कोट एकसंध काळा डाग होतात, त्वचा विटकरी होते, कपाळावरची चकाकी एकदम पांढरी तुटते, लाल साडीची वीण दिसेनाशी होते. दुसरं रूपांतर लपण्याच्या जागा मोजक्या आहेत:

- प्रोजेक्ट 'कलर मॅनेज्ड' आहे आणि क्लिपचं इनपुट कलर स्पेस एस-लॉग३ ठरलेलं आहे. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. प्रोजेक्टच रूपांतर करतंय, त्यावर नोडमध्ये सोनीची लट कशाला?
- प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या इनपुट लटच्या रकान्यात कधीतरी निवडलेली लट तशीच राहिली आहे. जुन्या प्रोजेक्टची प्रत काढून नवीन काम सुरू करणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं.
- मीडिया पूलमधून किंवा थंबनेलवर उजवं क्लिक करून क्लिपला लावलेली लट. ती नोड म्हणून दिसत नाही, त्यामुळे नजरेतून सुटते.
- ग्रुप किंवा टाइमलाइनच्या नोड्समधलं कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (रूपांतर करणारं रिझॉल्व्हचं स्वतःचं साधन). नोड एडिटरच्या वरच्या कोपऱ्यातला 'क्लिप' बदलून 'ग्रुप प्री-क्लिप', 'ग्रुप पोस्ट-क्लिप' आणि 'टाइमलाइन' हे तिन्ही उघडून बघा.
- फाईलमध्येच लट भाजलेली आहे. एक्स्टर्नल रेकॉर्डरवर 'रेकॉर्ड विथ लट' चालू राहिलं असेल, किंवा सिने ईआय (सोनीचा सिनेमासाठीचा एक्स्पोजर मोड) असलेल्या कॅमेऱ्यात लटसह रेकॉर्डिंग निवडलं गेलं असेल, तर फुटेज लॉग राहिलेलंच नाही. त्यावर काहीही रूपांतर लावू नका. रिकाम्या प्रोजेक्टमधल्या चाचणीत हे लगेच कळतं, कारण पांढरा कागद ५९८ऐवजी खूप वर बसलेला दिसतो.

एक ठेवा, बाकी काढा. कुठलं ठेवायचं हे पुढे येतं.

रूपांतर झालंच नाही

मॅनेज्ड प्रोजेक्ट आहे, लट कुठेच नाही, तरी फुटेज फिकं. म्हणजे रिझॉल्व्हला क्लिप लॉग आहे हे कळलेलंच नाही आणि त्याने तिला रेक.७०९ धरलं. रॉ फाईल्सची माहिती तो आपोआप घेतो, एमपी४ फाईल्सच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. मीडिया पूलमध्ये त्या कॅमेऱ्याच्या क्लिप्स निवडा, उजवं क्लिक, इनपुट कलर स्पेस, आणि यादीतून 'एस-गॅमट३.सिने / एस-लॉग३' निवडा.

इथे एक शब्द नीट वाचा: सिने. अल्फा कॅमेऱ्यांत पीपी८ म्हणजे एस-लॉग३ आणि एस-गॅमट३.सिने, पीपी९ म्हणजे एस-लॉग३ आणि साधं एस-गॅमट३, तर पीपी७ म्हणजे एस-लॉग२. हे मूळ सेटिंग आहे, कुणी कॅमेऱ्यात बदललंही असू शकतं. पीपी८ आणि पीपी९ यांचा उजेडाचा वक्र तोच आहे, रंगांची व्याप्ती वेगळी आहे. त्यामुळे चुकीचं निवडलं तर उजेड बिनचूक वाटतो आणि फक्त रंग सरकतात: हिरवी झाडं आणि त्वचा कशानेच जुळत नाहीत. "एक्स्पोजर ठीक आहे पण स्किन टोन येत नाही" असं ऐकलं की आधी हेच तपासावं.

कुठलं प्रोफाइल वापरलं होतं हे शूट करणाऱ्याला आठवत नसेल तर कार्डावर नोंद असते. प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप या फोल्डरमध्ये प्रत्येक एमपी४ शेजारी एक छोटी एक्सएमएल फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा, कॅप्चर गॅमा इक्वेशन आणि कॅप्चर कलर प्रायमरीज या ओळींत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. सोनीच्या कॅटॅलिस्ट ब्राउझमध्येही हे दिसतं. म्हणूनच कार्डावरून फक्त एमपी४ उचलून पेन ड्राइव्हवर देण्याची सवय मोडायला हवी. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. त्या छोट्या फाईल्स जागा खात नाहीत आणि महिन्याभरानंतर एडिट करणाऱ्याचा दिवस वाचवतात.

लट चुकीच्या खोलीत

ही चूक जाणत्या लोकांकडूनही होते. प्रोजेक्ट मॅनेज्ड आहे, टाइमलाइन 'दाविंची वाइड गॅमट / इंटरमीजिएट'वर (रिझॉल्व्हची स्वतःची कामाची रंगजागा) आहे आणि एखाद्या नोडमध्ये सोनीची एस७०९ किंवा एलसी-७०९ लट टाकली आहे. लट म्हणजे आकड्यांचा तक्ता: हा आकडा आला तर तो दे. तिला समोर काय आलंय हे ओळखता येत नाही. ती एस-लॉग३साठी बनली आहे, राखाडी ४२० वर असणार हे धरून. मॅनेज्ड प्रोजेक्टच्या नोडमध्ये मात्र तिच्यासमोर दाविंची इंटरमीजिएट येतं, ज्यात राखाडी ३४४च्या आसपास बसतं. हा फरक एस-लॉग३च्या भाषेत साधारण एक स्टॉप आहे. वर प्रोजेक्टचं शेवटचं रूपांतर आहेच. परिणामी चित्र काळपट, रंग मातकट. वायआरजीबीच्या प्रोजेक्टवर बरोबर दिसणारी पॉवरग्रेड (साठवून ठेवलेली ग्रेड) मॅनेज्ड प्रोजेक्टवर टाकली की "एक स्टॉप काळं" होतं त्याचं हेच कारण.

लटच हवी असेल तर मॅनेज्ड प्रोजेक्ट सोडा. वायआरजीबीमध्ये राहून रूपांतरं आपल्या हाताने, नोड्समध्ये ठेवा. निदान सोपं व्हावं म्हणून आम्ही सगळीकडे हीच पद्धत सुचवतो: प्रत्येक रूपांतर डोळ्यांसमोर असतं, बंद-चालू करून बघता येतं, आणि प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर गेलं तरी सेटिंग सोबत जातं.

बसवायचा नोड्सचा क्रम

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कलर सायन्स दाविंची वायआरजीबी, टाइमलाइन कलर स्पेस दाविंची वाइड गॅमट / इंटरमीजिएट. वायआरजीबीमध्ये हे दुसरं सेटिंग चित्र बदलत नाही, पण एचडीआर पॅलेटसारख्या साधनांना आपण कुठल्या जागेत काम करतोय ते सांगतं.

१. पहिला नोड नॉइज रिडक्शनसाठी, मूळ लॉगवरच. (हे साधन स्टुडिओ आवृत्तीत आहे. मोफत आवृत्तीत नोड रिकामा सोडा.)

२. कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, आत येणारं. इनपुट कलर स्पेस सोनी एस-गॅमट३.सिने, इनपुट गॅमा सोनी एस-लॉग३. आउटपुट दाविंची वाइड गॅमट आणि दाविंची इंटरमीजिएट. टोन मॅपिंग 'नन'. इथे टोन मॅपिंग चालू राहिलं तर आभाळ पहिल्याच पायरीवर दाबलं जातं.

३. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स.

४. कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, चेहऱ्याच्या खिडक्या (चित्राचा फक्त तेवढा भाग बदलणारे आकार), जे काही असेल ते. इथे हवे तेवढे नोड्स.

५. शेवटी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म, बाहेर जाणारं. दाविंची वाइड गॅमट आणि इंटरमीजिएटमधून रेक.७०९ आणि गॅमा २.४. टोन मॅपिंग 'दाविंची', गॅमट मॅपिंग 'सॅच्युरेशन कॉम्प्रेशन'.

पहिला आणि दुसरा नोड ग्रुप प्री-क्लिपमध्ये आणि पाचवा टाइमलाइनच्या नोड्समध्ये ठेवला की सगळ्यात मोठी डोकेदुखी मिटते, ती म्हणजे मिश्र कॅमेरे. सोनीच्या क्लिप्सचा एक ग्रुप, पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगचा दुसरा, मोबाइलवर साध्या रेक.७०९ मध्ये घेतलेल्यांचा तिसरा, आणि प्रत्येक ग्रुपच्या प्री-क्लिपमध्ये त्या कॅमेऱ्याचं रूपांतर. पुढे सगळे एकाच जागेत भेटतात. फक्त टाइमलाइनवर टायटल किंवा लोगो असेल तर तोही शेवटच्या रूपांतरातून जाईल आणि पांढरा करडा होईल. अशा वेळी पाचवा नोड टाइमलाइनऐवजी ग्रुप पोस्ट-क्लिपमध्ये हलवा.

सोनीची लट पाचव्या नोडच्या जागी वापरायची असेल तर तिच्याआधी एक उलटं ट्रान्सफॉर्म हवं: दाविंची वाइड गॅमट आणि इंटरमीजिएटमधून परत एस-गॅमट३.सिने आणि एस-लॉग३. मग लट. मग बाहेर जाणारं ट्रान्सफॉर्म नको, कारण ती लट स्वतःच रेक.७०९ देते.

लट लावल्यावर आभाळ तुटतं

कॅमेऱ्याने आभाळ टिपलेलं असतं, लटने ते कापलेलं असतं. ओळखायचं असं: लटचा नोड बंद करा आणि वेव्हफॉर्म बघा. आभाळाची रेषा १० बिट मोजपट्टीवर सुमारे ८८७च्या (म्हणजे आयआरईतल्या ९४ टक्क्यांच्या) खाली असेल आणि ढगांचा चढउतार दिसत असेल तर माहिती शाबूत आहे. ८८७ला चिकटून सपाट पट्टी झाली असेल तर ती शूटलाच गेली, तिला कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

माहिती शाबूत असेल तर एक्स्पोजर लटच्या आधीच्या नोडमध्ये कमी करा. लटनंतरच्या नोडमध्ये गेन खाली ओढलं तर तुटलेला पांढरा फक्त करडा होतो. नोड कुठे आहे एवढाच प्रश्न असतो, आणि तरी हीच गफलत वारंवार दिसते.

एक्स्पोजर अचूक स्टॉपमध्ये हलवायचं असेल तर तिसऱ्या नोडवर उजवं क्लिक करून गॅमा 'लिनियर' करा. आता गेनचं मास्टर व्हील २.०० म्हणजे बरोबर एक स्टॉप वर, ०.५० म्हणजे एक स्टॉप खाली. व्हाइट बॅलन्सही याच नोडमध्ये, फक्त लाल आणि निळ्या चॅनलचं गेन हलवून, पॅरेडवर (लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा वेव्हफॉर्म) राखाडी कार्डाच्या तिन्ही रेषा एका पातळीवर येईपर्यंत. प्रकाशाचा रंग खऱ्या जगात गुणाकाराने बदलतो, म्हणून लिनियरमध्ये केलेली दुरुस्ती सावलीपासून चकाकीपर्यंत सारखी बसते. रूपांतरानंतर, म्हणजे रेक.७०९ मध्ये टेंपरेचर फिरवलं की चेहरा सुधारतो आणि पांढरा सदरा निळा पडतो, त्याचं कारण हेच.

निळे, जांभळे एलईडी आणि गुलाल

मंडपातले एलईडी पार दिवे, डीजेच्या गाडीवरचे निळे दिवे, मिरवणुकीतला गुलाल. रेक.७०९च्या कुंपणाबाहेरचे रंग आहेत हे. कॅमेऱ्याने ते टिपले, पण बाहेर जाताना त्यांना आत कोंबावं लागतं आणि साध्या लटमध्ये ते कोंबणं ओबडधोबड होतं: निळ्या प्रकाशातला चेहरा सपाट निळा ठिपका, कडा दातेरी.

पाचव्या नोडमधलं सॅच्युरेशन कॉम्प्रेशन आधी चालू आहे का बघा. तरीही फुटत असेल तर तिसऱ्या नोडनंतर एक नोड घालून क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणारं साधन) फक्त तो निळा किंवा जांभळा निवडा, निवडीची कड भरपूर मऊ करा आणि त्याचं सॅच्युरेशन ५०वरून ३० ते ३५ पर्यंत उतरवा. पूर्ण क्लिपचं सॅच्युरेशन उतरवू नका, बिचारी त्वचा उगाच फिकी पडते. निळा चॅनल शूटमध्येच छताला लागून कापला गेला असेल (पॅरेडवर फक्त निळी रेषा वर सपाट दिसते) तर तपशील मिळणार नाही, निदान रंग सुसह्य होतो.

सावल्यांत कोंडा, आभाळात पट्टे

नॉइजचं कारण जवळपास नेहमी कमी एक्स्पोजर. एस-लॉग३मध्ये सावल्यांना आधीच थोड्या पायऱ्या मिळतात, त्यात राखाडी ४१ऐवजी ३२ वर शूट केलं की रूपांतर सगळा कोंडा वर आणतं. पुढच्या वेळी राखाडी कार्ड ४९ वर ठेवा (एक स्टॉप वर), अंधाऱ्या हॉलमध्ये ५८ वर (दोन स्टॉप वर), आणि झेब्राची खालची मर्यादा ९४ वर ठेवून नवरीच्या दागिन्यांपलीकडे मोठ्या भागात झेब्रा येत नाही ना बघा. तिसऱ्या नोडमध्ये गेन ०.५० किंवा ०.२५ केलं की उजेड जागेवर येतो आणि नॉइज सोबत खाली जातो. शिवाय दुहेरी बेस आयएसओच्या कॅमेऱ्यात मधला आकडा टाळा. एफएक्स३ला ८०० आणि १२८००, एफएक्स३०ला ८०० आणि २५००. एफएक्स३०वर अंधारात २०००वर अडून बसण्यापेक्षा २५००वर जाणं स्वच्छ असतं.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. ८ बिट फाईल, एका स्टॉपला २० पायऱ्या, आणि रूपांतर त्या पायऱ्यांना ताणून दूर करतं. संध्याकाळच्या आभाळात मग जिना दिसतो. १० बिट एक्स्पोर्ट केल्याने तो जात नाही, कारण मधल्या पायऱ्या मुळात टिपल्याच गेल्या नाहीत. ग्रेड हलकी ठेवा, शेवटी अगदी बारीक ग्रेन टाका. ग्रेन पायऱ्यांच्या कडा फोडतं. कॅमेरा फक्त ८ बिट देत असेल तर एस-लॉग३चा हट्ट सोडणं हेच आमचं स्पष्ट मत आहे. पीपी७चा एस-लॉग२ किंवा सिने गॅमा त्या २५६ पायऱ्या जास्त शहाणपणाने वापरतो.

क्लिपचा आवाज येतो, चित्र येत नाही

हा रंगाचा प्रश्न नाही, पण याच तक्रारींसोबत येतो. विंडोजवर मोफत रिझॉल्व्हमध्ये ४:२:२ १० बिट फाईल्स अनेकदा अशाच अडतात, आणि लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ मुळातच वाचत नाही. शटर एन्कोडरसारख्या मोफत साधनाने डीएनएक्सएचआर एचक्यूएक्समध्ये बदलून घ्या. शेवटचं एक्स महत्त्वाचं आहे: नुसतं एचक्यू ८ बिट आहे आणि लॉगची सगळी मेहनत तिथेच संपते. बदलताना कुठलीही लट किंवा कलर स्पेसचा पर्याय चालू ठेवू नका, आणि बदललेल्या टोपीच्या क्लिपवर ९५ची चाचणी परत करा. लेव्हल्स बदलण्याची हीच ठरलेली जागा आहे.

प्रीमियरमध्ये

तिथेही दुखणं तेच, जागा वेगळी. नव्या आवृत्त्या लॉग फुटेज स्वतः ओळखून रूपांतर करतात आणि जुन्या सवयीने लुमेट्रीच्या (प्रीमियरचं रंगाचं पॅनल) इनपुट लटमध्ये सोनीची लट पडते. लुमेट्रीच्या सेटिंग्ज टॅबमधलं लॉग आपोआप ओळखण्याचं सेटिंग बंद करून लट ठेवा, किंवा ते चालू ठेवून लट काढा.

एक्स्पोर्ट फिकं येतं

सगळं बरोबर झालं आणि मॅकवर क्विकटाइममध्ये फाईल पांढुरकी. इथे रूपांतर बिघडलेलं नाही, फाईलवरची चिठ्ठी वेगळी वाचली जातेय. रेक.७०९ टॅगची फाईल मॅकची कलरसिंक यंत्रणा सुमारे १.९६ गॅमाने दाखवते, तुम्ही ग्रेड २.४ वर केलं. सावल्या उचललेल्या दिसणारच. तीच फाईल व्हीएलसीमध्ये किंवा विंडोजवर वेगळी दिसते. घाबरून ग्रेडमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवू नका, नाहीतर टीव्हीवर सगळं काळं होईल.

आधी खात्री करा: एक्स्पोर्ट झालेली फाईल परत रिझॉल्व्हच्या त्याच टाइमलाइनवर, मूळ क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर आणा. वायआरजीबीमध्ये पाचवा नोड टाइमलाइनवर असेल तर तो तेवढ्यापुरता बंद करून या क्लिपचा वेव्हफॉर्म बघा आणि ग्रेड केलेल्या मूळ क्लिपच्या ग्रॅब केलेल्या स्टिलशी ताडा. दोन्ही जुळले तर फाईल बरोबर आहे, फरक प्लेअरचा आहे. जुळले नाहीत तर डिलिव्हर पानावर ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये डेटा लेव्हल्स 'ऑटो' आहे का बघा. तिथे 'फुल' निवडलेलं असणं हे दुसरं नेहमीचं कारण.

त्याच ठिकाणी कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग हाताने निवडा, 'सेम ॲज प्रोजेक्ट'वर ठेवू नका, कारण आपण टाइमलाइन वाइड गॅमट केली आहे. टीव्हीवर किंवा पेन ड्राइव्हने दाखवायच्या कामासाठी रेक.७०९ आणि गॅमा २.४. पाहणारे मुख्यतः मॅक आणि आयफोनवर असतील तर मॅकवरच्या रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेसमधलं 'यूज मॅक डिस्प्ले कलर प्रोफाइल्स फॉर व्ह्यूअर्स' चालू करा, पाचव्या नोडचा आउटपुट गॅमा आणि गॅमा टॅग दोन्ही 'रेक.७०९-ए' करा, आणि मगच ग्रेडवर शेवटचा हात फिरवा. दोन्हीकडे जाणार असेल तर २.४ची फाईल टीव्हीवर लावून बघा, रेक.७०९-एची फोनवर, आणि ग्राहकाला दोन वेगळ्या नावांनी द्या.